चाळीस मीटरची गल्ली

मुलांनो,

आज तुम्हांला एका गल्लीची गोष्ट सांगते. वर्ध्याच्या नकाशात ती शोधू नका. गोलबाजारात नाही, बॅचलर रोडलाही नाही. ही गल्ली आहे हवेत. तिची रुंदी किलोहर्ट्झमध्ये मोजतात. आणि गंमत म्हणजे त्या एवढ्याशा गल्लीत देशभरातली माणसं एकाच वेळी गप्पा मारत उभी असतात.

मागच्या थंडीत एका रविवारी सकाळी माझ्या चौथीतल्या आठ मुलांना घेऊन मी ओळखीच्या एका काकांकडे गेले होते. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गच्चीवर एक उंच बांबू उभा केलेला आहे. बांबूच्या टोकापासून तारेचा एक पदर कडुनिंबाकडे उतरतो, दुसरा पाण्याच्या टाकीकडे. कपडे वाळत घालायची दोरी एवढी उंच का बांधली, असं शेजारच्या आजी बरेच दिवस विचारत होत्या म्हणे!

मुलांनी सुतळी लावून तार मोजली. एक पदर साधारण दहा मीटर, दुसराही तेवढाच. म्हणजे वीस मीटर. काका म्हणाले, "आमची लाट चाळीस मीटर लांबीची. तार तिच्या अर्धी ठेवायची, म्हणजे ती लाट नीट पकडते नि नीट सोडते."

काका हौशी रेडिओचालक आहेत. त्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. आकाशवाणी आपल्याला ऐकवते, आपण फक्त ऐकतो. हॅम मात्र ऐकतो आणि बोलतोही. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते. पास झालात की परवाना आणि एक सांकेतिक नाव मिळतं. आपल्याकडची अशी नावं बहुतेक 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते; त्यांचं नाव होतं व्हीयू-टू-आरजी. या रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत. सगळं हौसेखातर.

काकांनी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर. मग बदक बोलल्यासारखं काहीतरी. मग बटण केसभर हललं आणि त्या बदकाचा एकदम माणूस झाला!

"बाई, हे कोन बोलून राह्यलं?" पोरं टेबलाभोवती गोळा झाली.

बोलत होते पुण्याकडचे एक गृहस्थ. ते हजेरी घेत होते! अगदी आपल्या वर्गासारखी. एकेक नाव पुकारायचं, त्याने 'हजर' म्हणायचं, दोन वाक्यं बोलायची आणि बाजूला व्हायचं. नागपूर झालं, हैदराबाद झालं, इंदूर झालं. मध्येच कोणी बोलत नव्हतं. (माझ्या वर्गाने हे नीट बघून ठेवावं असं मला फार वाटत होतं. जाऊ द्या.)

आता ही हजेरी कशाला? तर गल्ली अरुंद आहे म्हणून. गणित करून बघा. या चाळीस मीटरच्या पट्ट्यात हॅमना ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढीच जागा आहे. म्हणजे रुंदी २००. एका माणसाच्या बोलण्याला जवळपास ३ किलोहर्ट्झ जागा लागते. दोनशेला तीनने भागा. एकमेकांना धक्का न लावता जेमतेम ६६ संभाषणं! त्यातही एका टोकाची जागा मोर्सच्या 'डिड-डा'साठी सोडायची, असा रिवाज आहे. २००९ सालापर्यंत तर यातली निम्मीच जागा हॅमची होती. ७१०० च्या वर परदेशी प्रसारण केंद्रांचे दांडगे आवाज असायचे. देशोदेशीच्या सरकारांनी २००३ साली बसून ठरवलं, आणि मार्च २००९ पासून ती जागा मोकळी झाली.

याहून अरुंद गल्ल्याही आहेत बरं का. २००७ साली जगातल्या हॅमसाठी आणखी एक पट्टा ठरला. तो फार खालचा, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ. वजाबाकी केलीत? फक्त २.१! एका माणसाचा आवाजसुद्धा त्यात मावत नाही. तिथली लाट २२०० मीटर लांब, म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त. मग तिथे करतात काय? मोर्सची टिंबं आणि रेघा पाठवतात, त्याही इतक्या सावकाश की कधी कधी एकच टिंब कितीतरी सेकंद चालतं. कानाला काही कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर हळूहळू रेघ उमटते, ती वाचायची. एक नाव कळायला चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. अशी चिकाटीची माणसं असतात जगात.

तर आपण काकांच्या खोलीत होतो. हजेरी संपत आली. पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, "आणखी कोणी आहे का?" आणि ते थांबले. सगळेच थांबले. त्या शांततेत डासाच्या गुणगुणीएवढा एक आवाज आला. शब्द कळत नव्हते. काकांनी कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले. तेवढ्यात 'कुंऽऽई' अशी जोरदार शिट्टी! कोणीतरी आपलं यंत्र जुळवायला लागलं होतं. डास बिचारा दबून गेला.

मला वाटलं, आता भांडण होणार. पण पुण्याचे गृहस्थ एवढंच म्हणाले, "दादा, इथे काम चालू आहे." शिट्टी बंद. "माफ करा," असा आवाज आला आणि तो माणूस निघून गेला.

काकांनी मुलांना समजावलं. त्या शिट्टीवाल्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याला तो बारीक आवाज बहुधा ऐकूच आला नसेल. रेडिओत असं होतं. मला जो ऐकू येतो तो तुला येईलच असं नाही. म्हणून हॅमचा पहिला नियम असा, की रिकामी वाटली तरी गल्लीत एकदम घुसायचं नाही. आधी थोडा वेळ ऐकायचं. मग विचारायचं, "ही जागा कोणी वापरतंय का?" पुन्हा ऐकायचं. उत्तर आलं नाही तरच बोलायला लागायचं.

मग एक छान गोष्ट झाली. पुण्याला तो डास ऐकूच येत नव्हता. वर्ध्याला येत होता. काकांनी बटण दाबलं, "मला ऐकू येतंय, मी सांगतो." आणि ते एकेक वाक्य ऐकून पुढे सांगायला लागले. तो आवाज होता गडचिरोलीकडच्या एका गावातला. पाच वॅटचं छोटं यंत्र, मोटारसायकलच्या बॅटरीवर चाललेलं. निरोप काय? तर, "मी ठीक आहे. इकडे थंडी फार आहे. सर्वांना नमस्कार."

आमचा एक पोरगा फस्सकन हसला. "एवढंच? एवढ्यासाठी सगळे चूप बसले?"

काका हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात किल्लारीवर बोट ठेवलं.

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जमीन हादरली. दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. कुठे औषध हवं, कुठे पांघरुणं हवीत, कोण जिवंत आहे, हे बाहेर कळवायचं कसं? तेव्हा मोबाइल नव्हते. मदतीला धावून गेलेल्यांत बॅटरी आणि तारेची भेंडोळी घेतलेले हॅमही होते. पडलेल्या गावांतले निरोप त्यांनी बाहेर पोचवले.

अशा वेळी आपली ही खालची, चाळीस मीटरची गल्ली फार उपयोगी पडते. का ते सांगते. पोलिसांच्या हातातल्या वॉकीटॉकीची लाट सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपलं. चाळीस मीटरची लाट मात्र सरळ वर सोडता येते. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांनी विजेचा भार आलेल्या हवेचा एक पातळ थर आहे. लाट त्यावर आपटते आणि कारंज्यासारखी चहूबाजूंनी खाली येते. किल्लारी वर्ध्यापासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून थोडी जास्तच लांब आहे. दिवसा एवढं अंतर या लाटेला अगदी आवाक्यातलं. मध्ये टॉवर नको, वायर नको, कंपनी नको.

"आता मोबाइल आहेत की," असं काही पालक म्हणतील. आहेत खरे. पण वादळात टॉवर पडतात, आणि वीज गेली की टॉवरची बॅटरी किती वेळ टिकणार? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार हॅम अंदमानात होते. तिथून कित्येक वर्षं हॅमचा आवाज आला नव्हता, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलायला रांग लावून होते. भूकंप झाला, बाकीचे संपर्क तुटले, आणि तोच रेडिओ बेटांवरच्या लोकांचे निरोप पाठवायला लागला. वरच्या पट्ट्यावर होता तो, पण नियम तोच. ज्याचा निरोप जिवाचा, त्याला वाट द्यायची.

हे ऐकल्यावर तो हसणारा पोरगा गप्प झाला. थोड्या वेळाने काकांना म्हणाला, "मग तो गडचिरोलीवाला रोज बोलते काय?" काका म्हणाले, "रोज. एक दिवस नाही आला तर आम्ही विचारतो."

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो काढा. त्यावर मिडियम वेव्ह लावा. दुपारी किती केंद्रं लागतात ते लिहा आणि रात्री नऊनंतर पुन्हा मोजा. माझ्या लहानपणी दिवसा फक्त नागपूर दणदणीत लागायचं, रात्री मात्र कुठकुठल्या भाषा यायच्या! दिवसा हवेचा एक खालचा थर या लाटा गिळून टाकतो, रात्री तो विरतो. जवळ एलईडी दिवा किंवा चार्जर चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येईल.

आणि मोठ्या मुलांसाठी एक गणित. १४ जुलै १९४२ ला आपल्या वर्ध्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'वर शिक्कामोर्तब झालं. त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. पोलिसांना चुकवत तो या घरातून त्या घरात हलायचा. १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने १९३९ सालीच हॅमचे परवाने काढून घेतले होते. तरी हा रेडिओ उभारण्यात नरिमन प्रिंटर नावाच्या एका हॅमचा हात होता. उषाताईंच्या लाटेची लांबी होती ४२.३४ मीटर. आता ३,००,००० ला ४२.३४ ने भागा. येईल ते उत्तर किलोहर्ट्झमध्ये. मग वर जाऊन आपल्या गल्लीचे दोन्ही टोकांचे आकडे पुन्हा वाचा, आणि उषाताई कुठे उभ्या होत्या ते मला कळवा.

तुमच्या बाई