नर्मदेच्या पाण्याचे वीजबिल

एक दिवसाआड नळ येतो. बादल्या-पिंपे भरण्याच्या गडबडीत हे पाणी वीज खाऊन आपल्या घरी आले आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 1970 साली नर्मदा इंदूरला आणा म्हणून आंदोलन झाले. त्यात घोषणा देणारी आपल्या घरांतली तरुण मंडळी आज ऐंशीच्या घरात आहेत आणि अजूनही ते दिवस रंगवून सांगतात. 1978 मध्ये पहिले पाणी आले. तोवर यशवंतसागर, बिलावली, सिरपूर यांच्यावरच शहराची भिस्त होती. पण नर्मदा वाहते खाली निमाडात आणि आपण राहतो माळव्याच्या पठारावर. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांब आणि अर्ध्या किलोमीटरच्या आसपास उंच पाणी चढवावे लागते. या चढणीपायी नगर निगमावर महिन्याला वीस-पंचवीस कोटींचे वीजबिल पडत आले आहे. आपण पाणीपट्टी भरतो ती यापुढे किरकोळच.

ही वीज मुख्यतः कोळशाची. एका युनिटामागे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो, त्यातला तिसरा हिस्सा राख होऊन मागे उरतो. ती राख आपल्या अंगणात पडत नाही, सिंगरौलीकडच्या लोकांच्या विहिरींत आणि शेतांत पडते. पाण्याची वीज स्वच्छ म्हणावी, तर इंदिरासागरासाठी 2004 साली हरसूद गाव उठले. आपल्यातल्या कितीजणांची सोयरीक खंडवा-हरसूदकडे होती, हे सांगायला नको. फुकटची वीज कुठलीच नसते. कोण किंमत देतो एवढाच प्रश्न.

म्हणूनच फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर नगर निगमाने जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी हरित रोखे विक्रीला काढले, त्याचे आम्ही स्वागत केले होते आणि आजही करतो. 244 कोटी उभे करायचे होते, मागणी आली 720 कोटींवर. सामान्य माणसाला थेट असे रोखे विकणारा हा देशातला पहिलाच नगर निगम. आपल्या समाजातल्या कित्येक निवृत्त मंडळींनीही मुदत ठेवी सोडून त्यात पैसे घातले असतील.

आता जरा हिशेब मांडू. व्याज 8.25 टक्के, म्हणजे सुरुवातीला वर्षाला सुमारे 20 कोटी. आपल्याकडच्या उन्हात 60 मेगावॅटपासून वर्षाला 9 कोटी युनिटे मिळावीत. युनिटला 6 रुपये धरले तर 54 कोटी वाचतात आणि साठ हजार टनांहून अधिक कोळसा जळायचा राहतो. व्याज जाऊन 34 कोटी उरले. मुद्दल मात्र चार हप्त्यांत फेडायचे आहे: 2026, 2028, 2030 आणि 2032, दर वेळी 61 कोटी. दोन वर्षांची बचत बाजूला ठेवली तर हप्ता निघतो, फार शिल्लक राहत नाही. शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते, युनिटे मात्र पॅनेल बसल्यावरच मिळतात. बचतीचा पैसा रस्ते आणि रोषणाईत गेला, तर हप्ता घरपट्टीतूनच निघेल. तेव्हा आमची मागणी साधी आहे. ही बचत वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि किती युनिटे झाली, किती बिल वाचले, याचा आकडा दर तिमाहीला वर्तमानपत्रात छापावा. स्वच्छतेच्या क्रमांकाचे फलक चौकाचौकांत लागतात, तसा एक फलक याचाही लागू द्या.

सौर वीज झपाट्याने स्वस्त होते आहे यात शंका नाही. रीवाला 2017 मध्ये पहिल्या वर्षाचा दर 2.97 रुपये लागला, नीमचला 2021 मध्ये 2.14. तरी आपले घरचे बिल उतरत नाही. जुन्या औष्णिक करारांत वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागतो, हे त्याचे एक मोठे कारण. रात्रीच्या विजेचा प्रश्नही आहेच. त्यासाठी गांधीसागरावर पाणी वर चढवून साठवायचा प्रकल्प हाती घेतला आहे. पंचवीस वर्षांनी निकामी होणाऱ्या पॅनेलांचे काय, हे मात्र कुणी धड बोलत नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश झाला, एवढेच.

आता थोडे घरचे. फेब्रुवारी 2024 च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराच्या छपरासाठी 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या रामबाग, नारायणबागेतल्या वाड्यांना गच्च्या आहेत, ऊन भरपूर आहे. पण मीटर आजोबांच्या नावे, आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली, नामांतरण झालेले नाही आणि चार भावांत वाटणी अडलेली. आमच्यापैकी जे बँकेत बसतात त्यांच्यासमोर असे अर्ज येतात आणि बिलावरचे नाव जुळत नाही म्हणून परत जातात. सरकारने वारसांच्या संयुक्त संमतीपत्रावर वीजजोडणी नावे करून देण्याची सोपी सोय करावी, यासाठी आपल्या मंडळाने निवेदन द्यावे असे आम्हाला वाटते. मत मागायला येणाऱ्या पार्षदांनाही हे दोन प्रश्न विचारावेत: जलूदचा हिशेब कुठे आहे, आणि आमच्या मीटरचे काय.

मात्र चार भावांनी एका कागदावर सही करण्याचे काम कुठल्याही पार्षदाला जमणार नाही. ते या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हाच करून टाकावे.