खाकीही वाजवून घ्यावी

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर वसलेले सोनगीर खानदेशात दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक तेथील डोंगरी किल्ला आणि दुसरी तांब्या-पितळेची भांडी. भांडे घेताना ते वाजवून पाहावे, हा जाणत्या गिऱ्हाइकाचा रिवाज. आवाज बद्द आला की भांडे दुकानदाराच्या हाती परत. घरातल्या हंड्याची एवढी पारख करणारा समाज खाकी कपड्यांतील अनोळखी माणसाला मात्र एकही प्रश्न न विचारता गळ्यातली पोत काढून देतो. तोतया पोलिसाचा सारा धंदा या विसंगतीवर चालतो.

'पुढे चोरी झाली आहे, दागिने अंगावर ठेवू नका, रुमालात बांधा,' असा दरडावणीवजा सल्ला देणारा तोतया महाराष्ट्राच्या गावोगावी परिचित आहे. मदतीच्या मिषाने तोच पुडी बांधून देतो. घरी जाऊन ती सोडावी, तर आत खडे! फसणारे बहुधा वृद्ध असतात. त्यांचा अपराध एवढाच, की शासनाची आज्ञा पाळावी हा संस्कार त्यांनी आयुष्यभर जपलेला असतो.

तोतयेगिरी महाराष्ट्राला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून उभा राहिलेला तोतया कोकणात बंड माजवून गेला आणि १७७६ साली पकडला जाऊन पुण्यात देहान्त शासन पावला. परंतु तोवर त्याच्यामागे माणसे गोळा झाली होती, किल्ले त्याच्या हाती गेले होते. मोठ्या नावापुढे विचारशक्ती कशी नमते, याचा तो धडा होता.

दोन शतकांनंतर, १९ मार्च १९८७ रोजी, मुंबईत ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर केंद्रीय अन्वेषण विभागाची 'धाड' पडली. म्होरक्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताज हॉटेलात मुलाखती घेऊन सुशिक्षित तरुण निवडले होते. आपण खरोखरच सरकारी कामावर आहोत, अशी त्या तरुणांची समजूत होती. म्होरक्या लाखोंचे दागिने घेऊन निघून गेला, तो पुन्हा सापडला नाही. अनुभवी सराफ आणि पदवीधर तरुण एकाच वेळी फसले.

आज तोतयाला रस्त्यावर उतरण्याचीही गरज उरलेली नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गणवेश आणि मागे पोलीस ठाण्याचा देखावा एवढे भांडवल त्याला पुरते. पंजाबातील एका नामवंत उद्योगपतीला २०२४ मध्ये चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना लुबाडण्यात आले. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरून देशाला सांगावे लागले.

कायदा आता कठोर झाला आहे. जुन्या दंडसंहितेत लोकसेवकाच्या तोतयेगिरीला कमाल दोन वर्षे कैद होती आणि केवळ दंडावरही सुटका होऊ शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड आहे. तथापि शिक्षा ही गुन्ह्यानंतरची गोष्ट. त्याआधीचे हत्यार नागरिकांच्या हाती फार पूर्वीच दिलेले आहे. अटक व चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये दिला. पुढे अटकेच्या वेळी नाव स्पष्ट दिसण्याची अट कायद्यातही समाविष्ट झाली.

मग हे हत्यार गंजून का पडले? याचे उत्तर पोलीस दलानेही शोधले पाहिजे. 'साहेब, आपले ओळखपत्र?' असे विचारणाऱ्याला 'मला कायदा शिकवतोस काय?' असे उत्तर मिळते, तेव्हा तो नागरिक गप्प बसायला शिकतो. खऱ्या पोलिसाने बसवलेली ही दहशत पुढे तोतयाच्या उपयोगी पडते. खाजगी गाडीच्या काचेमागे 'पोलीस' अशी पाटी मिरवणारे नातलगही त्याच वृत्तीला खतपाणी घालतात, आणि समाज ते कौतुकाने पाहतो.

ऊन-पाऊस, सणवार न पाहता बंदोबस्तावर उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक शिपायाचे यात सर्वाधिक नुकसान होते. त्याच्या वर्दीची पत तोतया लुटतो. म्हणून ओळखपत्र मागणे हा पोलिसांचा अपमान नव्हे, त्यांच्या इभ्रतीचे ते रक्षण आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने गावच्या बैठकीत हे सांगावे, आणि प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी पाठ करून द्याव्यात. दागिने कोणाच्याही हाती द्यायचे नाहीत, शंका येताच ११२ क्रमांकावर विचारायचे, फोनवरून पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवायचे.

अस्सल भांडे वाजवल्याने फुटत नाही. अस्सल खाकीलाही प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही.