वाड्याचं अंगण घ्या, माळवद नको



माकणीला शेतालगत तिन्ही पिढ्यांसाठी एक घर बांधायचं, असं आमच्याकडे चाललं आहे. वडीलधाऱ्यांच्या मनात जुना वाडा आहे. मुलांच्या मनात तीन मजले, तीन भाऊ, तीन स्वयंपाकघरं. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

वाड्याचं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरता येत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि इथून जवळच्या सास्तूरसह कितीतरी गावांतली माणसं झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या बाजू एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या. हादऱ्यानं त्या सुटल्या आणि वरचं जाड मातीचं माळवद खाली आलं. म्हणून जोतं, दारा-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छत, या तिन्ही ठिकाणी काँक्रीटचा सलग पट्टा हवा. कोपऱ्यांत उभे गज हवेत आणि काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यायला हवा. पैसे कमी पडले तर फरशी साधी घ्या, इथे हात आखडू नका.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. डोक्यावर भक्कम छप्पर आलं, ते मोलाचंच. पण एका अंगणात वावरणारं मोठं कुटुंब त्या मापात कसं मावणार? भिंती मजबूत केल्या म्हणून माणसं एकत्र राहत नाहीत, त्यासाठी नकाशात जागा सोडावी लागते.

ती जागा म्हणजे मधलं अंगण आणि एकच स्वयंपाकघर. सासू-सासऱ्यांची खोली तळमजल्यावर, अंगणाकडे उघडणारी, न्हाणी-संडास लगत असलेली हवी. मागच्या खोलीत ठेवलेल्या माणसाकडे नातवंडं फिरकत नाहीत. आणि प्रत्येक सुनेला आतून कडी लागणारी स्वतःची खोली हवीच. दार लावायची मुभा असली की दार उघडं ठेवायला जड जात नाही.

तीन स्वयंपाकघरांना माझा विरोध खर्चासाठी नाही. आपला निम्मा धर्म चुलीपाशी पाळला जातो. पाणी गाळणं, जिवाणी जपून परत पोचवणं, सूर्यास्ताआधी जेवणं हे नात आजीच्या हाताकडे बघून शिकते. तीन चुली झाल्या की जेवणाच्या तीन वेळा होतात. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून स्वयंपाकघरात संध्याकाळचा उजेड येईल अशी खिडकी आधी ठरवा, टाइल्स मागाहून. मुनिमहाराजांचा आहार घरी व्हावा अशी इच्छा असेल, तर दारापासून चौक्यापर्यंतची वाट मोकळी, स्वच्छ आणि संडासावरून न जाणारी ठेवा.

एका चुलीचा भार एकाच सुनेवर पडतो, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. त्यावर उपाय दुसरी चूल नव्हे. दोघी-तिघींना एकदम उभं राहता येईल एवढा ओटा, सासूबाईंना बसून भाजी निवडता येईल असा कोपरा आणि कामाच्या ठरलेल्या पाळ्या, हा उपाय आहे. पाळ्यांत मुलगेही धरा.

इंजिनिअर नकाशा घेऊन येईल त्या दिवशी चहा देऊन आत जाऊ नका. बसा. ओटा कुठे, खिडकी कुठे, सासूबाईंची खोली कुठे, हे तुम्हीच सांगा. त्या घरात दिवसभर वावरणार तुम्ही आहात.