कृतिपत्रिका आली, कृती कुठे?

नव्या अभ्यासक्रमावरील दहावीची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. मराठीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती 'कृतिपत्रिका' पडली. पाठांतराला आळा बसावा, मुलांनी उतारा वाचून विचार करावा, स्वतःचे मत मांडावे, हा हेतू स्तुत्यच होता. त्याच वर्षी भाषा विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण रद्द झाले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्या परीक्षेपासून ते गुण परतही आले. श्रवण, संभाषण आणि स्वाध्याय यांच्या नावाने इतकी वर्षे दिलेले हे गुण नेमके कशाचे होते, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

'कृती' या शब्दाचे वर्गात काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आकृतिबंध पूर्ण करण्यासाठी संपूर्ण उतारा वाचावा लागत नाही. चौकटीलगतचा शब्द उताऱ्यात हुडकला की काम भागते. 'स्वमत' तर मार्गदर्शकांत तयार मिळते! प्रकल्पाची चित्रे कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात आणि वहीत चिकटतात. शिक्षकांनाही पूर्ण दोष देता येत नाही. भरगच्च वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि वर निवडणुकीची कामे, यांतून सवड काढायची कुठून?

तरीही खऱ्या कृतीला फार साधने लागत नाहीत. एकाच घटनेच्या दोन वृत्तपत्रांतील बातम्या वर्गात द्याव्यात. दोन्हींत समान काय, एकीत गाळले काय, आकडा कोणी दिला, मत कुठे आणि माहिती कुठे, हे मुलांनी गटात बसून शोधावे. किंवा शाळेसमोरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या व्यक्तीची माहिती जमवावी. मराठी विश्वकोश आता संगणकावर विनामूल्य वाचता येतो. तेथील नोंद, पाटीवरचा मजकूर आणि परिसरातील वृद्धांचे सांगणे यांत तफावत आढळली की खरा तास सुरू होतो. कोणावर विश्वास ठेवायचा आणि का, हे मुलाला सांगावे लागते. त्याचे तयार उत्तर बाजारात नसते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे पुस्तकांबरोबर वर्तमानपत्रे व नियतकालिकेही असावीत, असे नमूद आहे. या तरतुदीची आठवण तपासणीच्या वेळी होते, वेळापत्रक आखताना होत नाही. इकडे १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता येत नाही, असे 'असर'च्या २०२३ च्या देशातील निवडक जिल्ह्यांतील पाहणीत दिसले होते. अशा मुलांसाठी बातमी आधी मोठ्याने वाचून दाखवावी लागेल, उतारा लहान घ्यावा लागेल. आठवड्याला एक तास त्यासाठी राखून ठेवला आणि त्या तासाची वही तपासून अंतर्गत गुण दिले, तर त्याला नव्या शासन निर्णयाची गरज नाही.