मोटारीचा पूर्ण विमा : गारा, वारा आणि पाणी

पिकाच्या विम्याविषयीं शेतकरी बंधूंत जितका खल होतो, त्याच्या शतांशहि मोटारीच्या विम्याविषयीं होत नाहीं. वस्तुतः भोसरी परिसरांतील जमिनी औद्योगिक वसाहतींत व इमारतींत गेल्यावर आज पुष्कळ कुटुंबांची मोठी चीजवस्तु दारांत उघड्यावर उभी असते. कोणाची मोटार, तर कोणाचा भाजीपाला वाहणारा पिकअप. विम्याची मुदत सरली कीं एजंट विचारतो, 'थर्ड पार्टी कीं फुल?' आणि उत्तर बहुधा हप्त्याचा आंकडा पाहूनच दिलें जातें. पाऊस, वारा व गारा यांपासून रक्षण म्हणून पूर्ण विमा परवडतो काय, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आहे. आपल्या वाहनावर झाड पडलें अथवा तें पुरांत बुडालें, तर त्यांतून एक पैहि मिळत नाहीं. सरकारी मदतीची आशाहि व्यर्थ होय. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं अतिवृष्टीचे व गारपिटीचे पंचनामे लिहिले. मदतीच्या निकषांत पीक, जनावर, घर यांना स्थान आहे. खासगी मोटारीस नाहीं. तेव्हां ही तजवीज ज्याची त्यानेंच करावयाची.

'भोसरी नदीकांठीं नाहीं, आम्हांस पुराचें काय भय?' असें कित्येक म्हणतात. परंतु वाऱ्याला नदी लागत नाहीं. १७ एप्रिल २०२३ रोजीं किवळे येथें वादळांत लोखंडी जाहिरातफलक कोसळून पांच माणसें दगावलीं. मे २०२४ मध्यें मोशींत असाच फलक वाहनांवर पडला. शिवाय वाहन एका गांवीं थोडेंच राहतें? २५ जुलै २०२४ रोजीं पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत मुठेचें पाणी शिरलें, तेव्हां तेथें उभीं असलेलीं वाहनें पाण्यांत गेलीं.

पूर्ण विम्यांत पूर, वादळ, गारपीट, वीज व दरड यांनीं झालेलें नुकसान येतें, हें खरें. पण 'पूर्ण' या शब्दावर भुलूं नये. त्यांत तीन खांचा आहेत.

पहिली घसाऱ्याची. चार-पांच वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर शेंकडा ३५, व रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर सर्वदा शेंकडा ५० कापून भरपाई मिळते. काचेवर मात्र कांहीं कापीत नाहींत. दुसरी इंजिनाची. पाण्यांत बंद पडलेली मोटार पुनः चालू करूं गेल्यास पाणी इंजिनांत ओढलें जाऊन आंतील दांडे वांकतात. हें पुराचें नव्हे, मागाहून केलेल्या कृतीचें नुकसान, असें म्हणून कंपनी दावा नाकारूं शकते. त्यासाठीं इंजिनाचें निराळें कलम विकत घ्यावें लागतें. तिसरी खांच मालवाहू वाहनांची. त्यांच्या साध्या पॉलिसींत बॉनेट, दिवे, बंपर व रंग यांची भरपाई वाहन पूर्ण नष्ट झालें तरच मिळते. एरवीं जादा कलम असावें लागतें. गारा तर नेमक्या तेथेंच बसतात!

आतां हिशेब पाहूं. पांच वर्षें दावा न केल्यास स्वतःच्या वाहनाच्या हप्त्यांत शेंकडा ५० सूट मिळते. समजा, मूळ हप्ता १६ हजार आहे व सूट जाऊन ८ हजार भरावे लागतात. एक दावा केला कीं ती सूट शून्यावर येते व पुढें २०, २५, ३५, ४५, ५० अशी पायरीपायरीनें चढते. मूळ हप्ता तोच धरला, तर पांच वर्षांत २० हजार रुपये अधिक भरावे लागतात. म्हणजे दहा हजारांच्या पोच्यांसाठीं दावा करणें हें गांठचें घालविणें होय. पूर्ण विमा किरकोळ दुरुस्तीसाठीं नसून घर बसविणाऱ्या आघातासाठीं आहे.

म्हणून आमचें मत असें आहे. वाहनावर कर्ज असेल, त्यावर पोट चालत असेल, किंवा तें पांच वर्षांच्या आंतलें असून उघड्यावर राहत असेल, तर पूर्ण विमा अवश्य घ्यावा. त्याला इंजिनाचें कलम आणि पिकअप असल्यास बॉनेट-दिव्यांचें कलम जोडावें. परंतु मोटार दहा वर्षांची झाली असेल व ती गेल्यानें घराची घडी विसकटणार नसेल, तर सक्तीचा विमा पुरे. वांचलेल्या हप्त्यांतून पत्र्याचें छप्पर घालावें.

नुकसान झालें तर इंजिन चालू करूं नये, छायाचित्रें घ्यावीं, आणि वाहन हलविण्यापूर्वीं कंपनीस कळवावें. पंचनाम्याला जागेवरचा पुरावा लागतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

शेवटीं मंडळास एक सूचना. पॉलिसी बहुधा इंग्रजींत असते व आपण ती न वाचतांच कपाटांत ठेवितों. मंडळानें वळवाच्या पावसापूर्वीं एक संध्याकाळ काढून सभासदांच्या पॉलिसी मराठींत वाचून समजावून द्याव्या. सातबारा वाचल्याशिवाय जमीन न घेणाऱ्या माणसानें पॉलिसी वाचल्याशिवाय हप्ता कां भरावा?