परकराच्या नाडीखालचा वळ

कमरेवरचा काळा वळ आपण बायका वर्षानुवर्षं बाळगतो. त्याच जागी रोज करकचून नाडी, त्यात घाम आणि खाज; रात्री खोबरेल तेल लावलं की झालं! पण या जागी क्वचित त्वचेचा कर्करोगही होतो. डॉक्टरांनी त्याला ‘साडी कॅन्सर’ असं नावच दिलंय.

नुसता वळ दिसला म्हणून घाबरू नका. मात्र तिथली जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, कडा जाड-टणक झाल्या, गाठ आली किंवा रक्त येऊ लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. छोटासा तुकडा काढून तपासला की निदान होतं. लवकर कळलं तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने भागतं.

“अशी जागा दाखवायची कशी?” हा संकोचच मला जास्त घातक वाटतो. उपवास आपण समजून-उमजून करतो, म्हणून ते तप. चिघळलेली जखम लपवून सोसणं हे तप नव्हे, मैत्रिणींनो.

आज अंघोळीच्या वेळी आरशात कंबर बघा. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, सैल बांधा, जागा बदलत राहा. आणि हो, सासूबाईंनाही विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.