एम.बी.ए.चा प्रकल्प आणि आपला शिक्का

दर वर्षी अखेरच्या सेमिस्टरच्या सुमारास आपले काही माजी विद्यार्थी शाळेच्या कार्यालयात किंवा ओळखीच्या पालकांच्या दुकानात येतात. हातात छापील कागद असतो : 'सदर विद्यार्थ्याने आमच्याकडे दोन महिने प्रकल्पकार्य केले.' त्यावर सही-शिक्का हवा असतो. ओळखीच्या घरातली मुले, नाही कसे म्हणायचे? शिक्का मारला जातो. मुलाने मात्र त्या दुकानात दोन तासही काढलेले नसतात.

ही प्रथा बंद व्हावी असे आम्हास वाटते.

इंदूर हे व्यवस्थापन शिक्षणाचे जुने ठिकाण आहे. विद्यापीठाची आय.एम.एस. १९६९ पासूनची, आय.आय.एम. १९९६ पासूनची. इथले विद्यार्थी या प्रकल्पाला 'एम.आर.पी.' म्हणतात, म्हणजे मेजर रिसर्च प्रोजेक्ट. डब्यावर छापलेल्या किमतीलाही तेच नाव आहे, आणि तयार अहवाल पैसे मोजून मिळू लागल्यापासून दोन्ही अर्थ जवळ आले आहेत! आता तर संगणकच दहा मिनिटांत साठ पाने लिहून देतो. मग विद्यार्थ्याने स्वतः करायचे असे उरते काय? दुकानात जाऊन बसणे, वही पाहणे आणि प्रश्न विचारणे.

सर्वांत मोठी अडचण विषयाची असते. 'ग्राहक समाधानाचा अभ्यास' हा आवडता विषय. शंभर प्रश्नावल्या वसतिगृहात एका संध्याकाळी भरल्या जातात आणि बहुतेक ग्राहक समाधानी निघतात. याउलट सियागंजातल्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याची उधारी घ्या. समजा, वर्षाची उधार विक्री ३६ लाख आणि येणे बाकी ९ लाख आहे. म्हणजे तीन महिन्यांची विक्री बाजारात अडकली. वसुली दोन महिन्यांवर आली तर ३ लाख मोकळे होतात, आणि १२ टक्के व्याजाने वर्षाला ३६ हजार वाचतात. पण कोणत्या गिऱ्हाइकाकडे तगादा लावायचा आणि कोणाला दुखवायचे नाही, हे वही उघडल्याशिवाय आणि काकांशी चार दिवस बोलल्याशिवाय कळत नाही. प्रकल्प तिथे सुरू होतो.

फिल नाइट यांनी स्टॅनफर्डला एम.बी.ए. करताना छोट्या उद्योगांच्या वर्गासाठी एक निबंध लिहिला होता. प्रश्न एका ओळीचा : जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांवर मात केली, तसे जपानी धावण्याच्या बुटांना जमेल का? १९६४ मध्ये त्यांनी व प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून धंदा सुरू केला. पुढे त्याचीच नाइकी झाली. प्रत्येक प्रकल्पातून नाइकी निघणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण उत्तर खरोखर हवे असलेला प्रश्न एवढा लहान असू शकतो.

दोष फक्त मुलांना देऊन भागणार नाही. गल्ल्यावर बसलेले आपणच वही दाखवायला कचरतो. विक्रीचे आकडे बाहेर गेले तर, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहेत : गिऱ्हाइकांच्या नावांऐवजी क्रमांक घालावेत, रकमांऐवजी टक्केवारी द्यावी, अहवाल सादर होण्याआधी दुकानदाराने वाचावा. एवढे करूनही वही दाखवायची नसेल तर सहीही देऊ नये. 'बेटा, आमच्याकडे जमणार नाही,' असे सांगण्यात कसला अपमान?

आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. मराठी माध्यमाची पटसंख्या का घटते यावर आपण प्रत्येक सभेत बोलतो, तेही अंदाजाने. कोणी म्हणते इंग्रजी माध्यम, कोणी म्हणते बसची सोय नाही, कोणी म्हणते वस्ती बायपासकडे सरकली. कोणत्या इयत्तेनंतर मुले दाखला नेतात, कोणत्या वस्तीतून नेतात, त्यांच्या घरी जाऊन विचारले तर काय कारण सांगतात, हा चार महिन्यांचा चांगला प्रकल्प आहे. तो एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे सोपवावा. निष्कर्ष आपल्याला बोचणारे असले तरी सभेत वाचून दाखवावेत. दाखल-खारीज रजिस्टरे कार्यालयाच्या कपाटात आहेत. ती पाहू देण्याचा ठराव पुढच्या बैठकीत व्हावा, म्हणजे यंदाच्या सेमिस्टरच्या मुलांनाच काम सुरू करता येईल.